शाळकरी मुलांमधील दृष्टिदोष कसे ओळखावेत : पालक आणि शिक्षक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मुलाने डोळ्यांची कधीच तक्रार केलेली नाही. तरीही तपासणी करावी का?

होय, अवश्य करावी. पालक मूल तक्रार करण्याची वाट पाहतात आणि मूल तक्रार करत नाही, कारण आपल्याला कमी दिसते हेच त्याला ठाऊक नसते. फळ्यावरची अक्षरे सगळ्यांनाच अशी पुसट दिसतात, झाडाची पाने दुरून वेगवेगळी कोणालाच दिसत नाहीत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. नंबर हळूहळू वाढत असेल तर मूलही हळूहळू जुळवून घेते : पुढे सरकून बसते, शेजारच्या वहीतून उतरवून घेते, बाईंचे बोलणे ऐकून लिहिते.

दोष एकाच डोळ्यात असेल तर तो आणखी लपून राहतो. एक डोळा उत्तम असला की मूल पळते, सायकल चालवते, बारीक अक्षर वाचते आणि घरातल्या कोणालाही शंका येत नाही. अशा मुलांचा दोष कित्येकदा दहावी-बारावीनंतर एखाद्या वैद्यकीय तपासणीत प्रथमच कळतो आणि तोपर्यंत उपचाराचा सर्वांत अनुकूल काळ निघून गेलेला असतो. म्हणूनच प्रत्येक मुलाचा प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला गेला पाहिजे. पहिली तपासणी तीन-चार वर्षांच्या सुमारास, दुसरी पहिलीत प्रवेश घेण्यापूर्वी आणि त्यानंतर शाळा संपेपर्यंत वर्षातून एकदा, असा क्रम ठेवावा. अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मलेले मूल, आई-वडिलांपैकी कोणाला लहानपणीच मोठा नंबर लागलेला असणे, भावंडाला तिरळेपणा असणे, डाउन सिंड्रोम, मधुमेह किंवा लहान वयातील संधिवात यांपैकी काही असेल, तर तपासणीचा क्रम डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. संधिवात असलेल्या मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येऊ शकते आणि तेव्हा डोळा लालही होत नाही, दुखतही नाही. नियमित तपासणीखेरीज ती सूज सापडत नाही.

घरी कोणती लक्षणे दिसली की शंका घ्यावी?

टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणे किंवा पुस्तक नाकाशी धरणे ही लक्षणे सगळ्यांना माहीत असतात. लहान मुले सवयीनेही जवळ जाऊन बसतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मात्र मागे बसवल्यावर मूल डोळे बारीक करून पाहू लागले, तर तपासणी हवीच. पापण्यांमधली फट अरुंद केल्याने धूसर चित्र काही प्रमाणात स्पष्ट होते. मुले ही युक्ती आपोआप शिकतात.

याहून कमी ओळखली जाणारी लक्षणे अशी. काही मुले पाहताना मान एका बाजूला कलती ठेवतात किंवा चेहरा वळवून पाहतात. मानेत दोष असेल असे समजून पालक त्यांना प्रथम हाडांच्या डॉक्टरांकडे नेतात, आणि कारण डोळ्यांच्या स्नायूंमध्ये निघते. काही मुले उन्हात आली की एक डोळा मिटून घेतात. अधूनमधून डोळा बाहेरच्या बाजूला सरकणाऱ्या तिरळेपणाचे ते नेहमीचे लक्षण आहे. लांबचा चेंडू झेलता न येणे, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकणे, दुरून येणारी बस किंवा ओळखीची व्यक्ती जवळ आल्यावरच ओळखणे, वाचताना ओळ सुटू नये म्हणून सतत बोट ठेवावे लागणे, अभ्यासाला बसले की थोड्याच वेळात डोळ्यांतून पाणी येणे आणि वारंवार रांजणवाडी होणे, यांचीही नोंद ठेवावी. मोबाईलवर फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरट चमक दिसत असेल, तर वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कॅमेऱ्याच्या कोनामुळेही अशी चमक येऊ शकते, परंतु मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतील पडद्यावरील गाठ यांसारखी गंभीर कारणे प्रथम वगळली पाहिजेत.

वर्गात शिक्षकांनी काय पाहावे?

वर्गशिक्षकांना जे दिसते ते पालकांना घरी सहसा दिसत नाही, कारण सहा-सात मीटर अंतरावरचे वाचन घरात फारसे होतच नाही. पुस्तकातला उतारा नीट उतरवणारा विद्यार्थी फळ्यावरून उतरवताना मात्र शब्द गाळत असेल, आकडे चुकवत असेल, ३ चा ८ करत असेल, तर दोष दूरच्या नजरेत असण्याची शक्यता मोठी आहे. याउलट फळा व्यवस्थित वाचणारे पण पुस्तक उघडले की कंटाळणारे, डोळे चोळणारे मूल जवळच्या नजरेच्या त्रासात असू शकते. वर्गात सारखा बोलतो, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो अशी ज्याची तक्रार असते, त्याला फळ्यावरचे वाचायला सांगून पाहावे. शिक्षा करण्यापूर्वी ही एक मिनिटाची चाचणी व्हावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

बाकांची जागा आठवड्याला बदलण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. मागच्या बाकावर गेल्याच्या आठवड्यात एखाद्या मुलाच्या वहीत अचानक चुका वाढल्या, तर तेवढी नोंद पालकांना कळवण्यास पुरेशी आहे. पुढच्या बाकावर कायमची जागा देऊन प्रश्न मिटला असे मात्र समजू नये. त्यामुळे दोष झाकला जातो आणि तपासणी लांबते.

घरच्या घरी नजर तपासता येते का?

निदान करता येत नाही, शंका पक्की करता येते. भिंतीवर टांगलेले कालनिर्णय त्यासाठी पुरते. भरपूर उजेडात, ज्याची नजर चांगली आहे अशा घरातल्या मोठ्या माणसाला चौकटींतील बारीक मजकूर जेमतेम वाचता येईल इतक्या अंतरावर मुलाला उभे करावे. प्रथम डावा डोळा तळहाताच्या खोलगट भागाने झाकावा, डोळ्यावर दाब देऊ नये, आणि उजव्या डोळ्याने वाचायला सांगावे. मग उजवा झाकून वेगळी चौकट वाचून घ्यावी, कारण पहिली चौकट मुलाच्या लक्षात राहिलेली असते. मुले बोटांच्या फटीतून पाहतात, एक पाऊल पुढे टाकतात, मान वळवून झाकलेल्या डोळ्याने डोकावतात, म्हणून समोर उभे राहून त्यांच्याकडे लक्ष द्यावे. दोन डोळ्यांत फरक आढळला किंवा मोठ्यांना वाचता येते ते मुलाला आले नाही, तर तपासणीला न्यावे.

अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी चारही दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘E’ अक्षराचा तक्ता असतो. उघडी बाजू कोणत्या दिशेला आहे हे मूल हाताच्या बोटांनी दाखवते. एक डोळा झाकल्यावर शांत राहणारे मूल दुसरा झाकताच हात झटकू लागले किंवा रडू लागले, तर ते हट्टीपणाचे लक्षण मानू नये. उघड्या राहिलेल्या डोळ्याने त्याला दिसत नसण्याची शक्यता असते.

घरच्या चाचणीत सगळे नीट वाचता आले तरी वार्षिक तपासणी टाळू नये. जवळच्या नजरेचा अधिक (प्लस) नंबर असलेली मुले डोळ्यांवर ताण देऊन दूरचा तक्ता सहज वाचून दाखवतात.

नंबर लागतो म्हणजे नेमके काय होते?

जन्मतः डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते आणि ती वाढत प्रौढपणी सुमारे २४ मिलिमीटर होते. या वाढीत डोळा गरजेपेक्षा लांब झाला, की दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि दूरचे धूसर दिसते. हा वजा नंबर. लांबीतील एक मिलिमीटर वाढीमागे साधारण अडीच ते तीन नंबर पडतो, यावरून हे प्रकरण किती नाजूक मापांचे आहे ते लक्षात येईल. डोळा आखूड राहिला तर अधिक नंबर असतो. लहान मुलांमध्ये थोडा अधिक नंबर स्वाभाविक आहे आणि त्याला प्रत्येक वेळी चष्मा लागत नाही. बुबुळाची गोलाई सगळ्या दिशांनी सारखी नसेल तर तिरका नंबर येतो, ज्याला चष्म्याच्या चिठ्ठीत ‘सिलिंड्रिकल’ म्हणतात. त्यात दूरचे आणि जवळचे दोन्ही अस्पष्ट दिसू शकते.

चिठ्ठीवर लिहिलेला ६/६ किंवा ६/१२ हा चष्म्याचा नंबर नव्हे. ती नजरेची नोंद आहे. ६/१२ याचा अर्थ असा, की चांगल्या नजरेच्या व्यक्तीला १२ मीटरवरून वाचता येणारी ओळ या मुलाला ६ मीटरवर यावे तेव्हा वाचता येते. ही पद्धत नेदरलँड्समधील नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्यापासून रूढ झाली.

शाळेत आरोग्य तपासणी होते. तेवढी पुरेशी नाही का?

शाळेतील तपासणी फार मोलाची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथूनच देशभरासाठी सुरू झाला. त्यातील वैद्यकीय पथके सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा येतात, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या आजारांचा शोध घेतला जातो त्यांत दृष्टिदोषाचा समावेश आहे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम तर १९७६ पासून चालू आहे, आणि त्याखाली शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे.

तथापि एका दिवसात शेकडो मुले पाहणाऱ्या पथकाचे काम चाळणी लावण्याचे असते. ज्यांची शंका आली त्यांना पुढे पाठवणे हा त्याचा हेतू. त्या दिवशी मूल गैरहजर असेल, तक्त्यावरची ओळ आधीच्या मुलाकडून ऐकून त्याने म्हटली असेल किंवा त्याला अधिक नंबर असेल, तर दोष निसटू शकतो. याहून मोठी गळती पुढे होते. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तरात राहते, मजुरीचा दिवस बुडेल म्हणून तालुक्याला जाणे लांबते, आणि वर्ष उलटते. मुलाला अशी चिठ्ठी मिळाली असेल तर तीत लिहिलेल्या ठिकाणी महिनाभराच्या आत जावे आणि तेथे काय निघाले ते वर्गशिक्षकांना कळवावे. खासगी शाळांतील पालकांनी आपल्या शाळेत तपासणी होते का, आणि ती प्रत्येक डोळा झाकून होते का, हे विचारावे.

तपासणीसाठी कोणाकडे जावे? चष्म्याच्या दुकानात संगणकावर नंबर काढून चालेल का?

ग्रामीण भागात उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभागात जावे. अनेक ग्रामीण रुग्णालयांतही नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. शहरांत महापालिकेची आणि धर्मादाय नेत्र रुग्णालये आहेत. मुलाची पहिली तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे व्हावी, कारण नंबराबरोबरच डोळ्यांची हालचाल, भिंग आणि आतील पडदा पाहणे आवश्यक असते.

दुकानातील संगणकाचा आकडा मुलांच्या बाबतीत एकट्याने विश्वासार्ह नसतो. मुलांच्या डोळ्यांतील भिंगाची जवळ पाहण्याची ताकद फार असते. यंत्रात पाहताना मूल नकळत ती ताकद लावते आणि यंत्र मुळात नसलेला किंवा प्रत्यक्षापेक्षा जास्त वजा नंबर दाखवते. अशा चष्म्याने मुलाला स्वच्छ दिसते आणि तरीही डोके दुखत राहते.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासायला सांगितले आहे. त्याने अपाय होईल का?

होणार नाही. वर सांगितलेली भिंगाची ताकद तात्पुरती शिथिल करून खरा नंबर काढण्यासाठी हे थेंब किंवा मलम वापरतात. बाहुली मोठी होते, उन्हाचा त्रास होतो आणि जवळचे पुसट दिसते. औषधानुसार हा परिणाम एका दिवसापासून आठवडा-दीड आठवड्यापर्यंत टिकतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नये. थेंबांनंतर चेहरा लाल होणे, ताप येणे किंवा मूल बरळणे असे काही झाले तर थेंब थांबवून लगेच डॉक्टरांशी बोलावे. असे क्वचितच होते. घरी टाकायला दिलेले मलम सांगितले तेवढेच टाकावे आणि भावंडांच्या हाती लागू देऊ नये.

लहान वयात चष्मा लावला तर डोळ्यांना सवय होऊन नंबर वाढतो, असे सगळे म्हणतात.

हे खरे नाही, आणि या समजुतीने मुलांचे फार नुकसान केले आहे. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते म्हणून वजा नंबर वाढतो; चष्मा असो वा नसो, ही वाढ होत असते. चष्मा लावू लागल्यानंतर तो काढला की पूर्वीपेक्षा जास्त धूसर वाटते, याचे कारण मुलाला आता स्वच्छ दिसणे काय असते ते कळलेले असते. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा द्यावा म्हणजे नंबर वाढणार नाही, हा विचारही मलेशियात करून पाहण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कमी नंबराचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबराचा चष्मा असलेल्या मुलांपेक्षा अधिक वेगाने वाढला. डॉक्टरांनी दिवसभर लावायला सांगितलेला चष्मा केवळ अभ्यासापुरता लावून भागत नाही.

गाजर, बदाम, डोळ्यांचे व्यायाम किंवा बारीक छिद्रांचे चष्मे यांनी लागलेला नंबर जात नाही. चांगला आहार द्यावा तो मुलाच्या वाढीसाठी. तो चष्म्याला पर्याय ठरत नाही.

‘आळशी डोळा’ किंवा मंददृष्टी म्हणजे काय, आणि वयाचा त्याच्याशी काय संबंध?

या पानावरील सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे उशिराची किंमत आयुष्यभर मोजावी लागते. पाहण्याचे काम डोळा आणि मेंदू मिळून करतात आणि मेंदूतील दृष्टीची जडणघडण पहिल्या सात-आठ वर्षांत प्रामुख्याने होते. या काळात एका डोळ्याकडून सतत अस्पष्ट प्रतिमा येत राहिली, मग ती नंबरामुळे असो, तिरळेपणामुळे असो की मोतीबिंदूमुळे, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे योग्य चष्मा दिला तरी त्या डोळ्याची नजर लगेच ६/६ होत नाही. डोळा बाहेरून पूर्ण निरोगी दिसतो. शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत हा दोष असू शकतो.

उपचाराची सुरुवात अचूक चष्म्याने होते. त्यानंतर गरज पडली तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी लावतात, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावेच लागते. मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज दोन तास पट्टीही पुरते. पट्टी चिकटपट्टीसारखी थेट त्वचेवर लावायची असते. चष्म्याच्या काचेवर रुमाल बांधला की मूल बाजूने पाहते आणि सगळी मेहनत वाया जाते. पट्टीच्या वेळेत चित्र रंगवणे, मणी ओवणे, तांदूळ निवडणे, गोष्ट वाचणे अशी बारीक कामे द्यावीत. पहिले काही दिवस मूल रडते, चिडते, कारण ज्या डोळ्याने नीट दिसते तोच आपण झाकत असतो. त्या दिवसांत आजी-आजोबांना दया येऊन पट्टी निघते, म्हणून त्यांनाही हे कारण समजावून सांगावे. पट्टी किती तास आणि किती महिने हे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून तास वाढवू नयेत, कारण अतिरेकाने चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते.

सात वर्षांनंतर काहीच उपयोग नाही असे पूर्वी सांगितले जाई. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सात ते बारा वर्षांच्या ज्या मुलांना चष्म्याबरोबर पट्टी आणि चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती धूसर करणाऱ्या थेंबांचा उपचार मिळाला, त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची नजर सुधारली; केवळ चष्मा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. त्यामुळे मूल मोठे झाले म्हणून प्रयत्न सोडू नये. तरीही जे काम पाचव्या वर्षी सहज होते ते अकराव्या वर्षी अवघड होते, हे विसरू नये.

तिरळेपणा वय वाढल्यावर आपोआप जातो ना? आणि तो तर नशीबवान असल्याची खूण मानतात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून तिरके होणे चालते. सहा महिन्यांनंतर दिसणारा तिरळेपणा डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे आणि शाळकरी वयात तो आपोआप जाण्याची वाट पाहू नये. काही लहान मुलांचे डोळे रुंद नाकामुळे किंवा नाकाजवळच्या त्वचेच्या घडीमुळे केवळ तिरके भासतात. तो फरक डॉक्टर काही क्षणांत सांगू शकतात. काही मुलांचा आत वळलेला डोळा फक्त अधिक नंबराच्या चष्म्याने सरळ होतो, इतरांना शस्त्रक्रिया लागते.

नशिबाच्या समजुतीबद्दल स्पष्ट सांगायचे तर तिरळ्या डोळ्याची नजर मंदावण्याचा धोका असतो आणि दोन्ही डोळे मिळून खोलीचा अंदाज घेण्याची क्षमता कमी होते. शिवाय वर्गातली चेष्टा मुलालाच सोसावी लागते. पूर्वी सरळ असलेला डोळा अचानक तिरका झाला किंवा मुलाला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलाचे डोके वारंवार दुखते. नंबर असेल का?

असू शकतो, पण मुलांच्या बहुतेक डोकेदुख्यांचे कारण नंबर नसते. शाळेत, वाचताना किंवा संध्याकाळी दुखणारे आणि सुटीत न दुखणारे डोके डोळ्यांकडे बोट दाखवते. जवळचे वाचताना दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याची क्षमता कमी असली तरी असा त्रास होतो आणि तेव्हा तक्त्यावर नजर ६/६ भरते. अर्धे डोके ठणकणे, उजेड नकोसा होणे आणि मळमळणे ही अर्धशिशीची लक्षणे आहेत. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल किंवा दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, तर चष्म्याच्या शोधात वेळ घालवू नये. बालरोगतज्ज्ञांकडे तातडीने जावे.

मूल अभ्यासात मागे आहे, अक्षरे उलटी लिहिते. हा दृष्टिदोष आहे का?

प्रथम नजर तपासून घ्यावी, कारण तो सर्वांत सोपा आणि स्वस्त भाग आहे. नजर चांगली निघाली आणि तरीही तोंडी उत्तम उत्तरे देणारे मूल वाचन-लेखनात अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता विचारात घ्यावी. तिचा उगम डोळ्यांत नाही, भाषेच्या प्रक्रियेत आहे. रंगीत काचांचे चष्मे किंवा डोळ्यांचे महागडे व्यायाम यांनी ती जात नाही, आणि त्यासाठी पालकांनी पैसे खर्च करू नयेत असे आमचे मत आहे. योग्य चाचणी आणि विशेष शिक्षकांची मदत यांचा उपयोग होतो.

मोबाईलमुळे नंबर लागतो का? वाढणारा नंबर थांबवता येतो का?

मोबाईलच्या पडद्यातून निघणाऱ्या किरणांनी नंबर लागतो असा पुरावा नाही. तासन्‌तास अगदी जवळून पाहणे आणि त्यामुळे घराबाहेरचा वेळ बुडणे, हा खरा प्रश्न आहे. चीनमधील ग्वांगझोऊ येथे बारा प्राथमिक शाळांत केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासंदर्भात बोलका आहे. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानात नेले गेले. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांना वजा नंबर लागला होता, तर इतर शाळांत सुमारे ३९.५ टक्के मुलांना. दिवसाच्या उजेडात डोळ्याची लांबी वाढणे मंदावते. मुलांनी रोज सुमारे दोन तास उघड्यावर असावे, असा सल्ला आता जगभर दिला जातो. खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनी आणि शाळेतून थेट शिकवणीला पाठवणाऱ्या पालकांनी हे आकडे जरूर विचारात घ्यावेत. आपल्याकडे उन्हाची वाण नाही. कडक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ निवडावी आणि सावलीतले मैदानही चालते.

नंबर एकदा लागल्यावर तो पूर्ण थांबवता येत नाही, पण वाढीचा वेग कमी करता येतो. अत्यल्प प्रमाणातील ॲट्रोपीनचे थेंब आणि खास बनावटीच्या काचा किंवा लेन्स त्यासाठी वापरतात. वर्षाला अर्धा नंबर किंवा त्याहून अधिक वाढत असेल तर डॉक्टरांकडे हा विषय काढावा. वजा सहाच्या पुढे नंबर गेल्यास मोठेपणी पडदा सुटणे यांसारखे धोके वाढतात, म्हणून वेग कमी करण्याला अर्थ आहे.

डोळे सारखे खाजतात, मूल ते चोळत राहते. दुकानातून थेंब आणावेत का?

अजिबात आणू नयेत. उन्हाळ्यात अनेक मुलांना, विशेषतः मुलग्यांना, ॲलर्जीमुळे डोळ्यांना तीव्र खाज सुटते, तारेसारखा चिकट स्राव येतो आणि उजेड सहन होत नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी एका दिवसात आराम पडतो आणि म्हणूनच ते महिनोन्‌महिने चालू राहतात. त्यांच्यामुळे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, तसेच मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच औषध उपयोगी ठरते, देखरेखीविना घातक. सतत चोळण्याने बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोकाही असतो. तिरका नंबर झपाट्याने वाढत असेल तर ती शंका घेतली जाते. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. काजळ, मध, गुलाबपाणी, दूध यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नये.

मुलगी चष्मा घालायला तयार नाही. काय करावे?

‘चष्मिस’, ‘ढापणी’ असे चिडवणे वर्गात सुरू झाले की चष्मा दप्तरात जातो. ते वर्गशिक्षकांनी थांबवायचे असते आणि त्यांनी मनावर घेतले तर ते थांबतेही. फ्रेम मुलीला स्वतःला निवडू द्यावी. ती नाकावरून घसरत असेल किंवा कानामागे टोचत असेल तर दुकानदाराकडून बसवून घ्यावी, कारण अनेक मुले दुखते म्हणून चष्मा काढतात आणि कारण सांगत नाहीत. काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्याव्यात. त्या सहजी फुटत नाहीत. लग्न जमताना अडचण येईल म्हणून मुलीचा चष्मा टाळणारी घरे आजही आहेत. त्या मुलीचा आठ-दहा वर्षांचा अभ्यास धूसर फळ्यावर होतो, एवढेच त्या पालकांपुढे ठेवावेसे वाटते.

काही मुले, बहुधा आठ ते बारा वर्षांची, याउलट नजर चांगली असूनही दिसत नाही म्हणतात. त्यामागे कधी मैत्रिणीसारखा चष्मा हवा असतो, तर कधी शाळेतला किंवा घरातला ताण असतो. तपासणीत सर्व ठीक निघाले तर मुलाला खोटारडे ठरवू नये. त्याला काय सलते आहे ते शांतपणे विचारावे.

अंधार पडल्यावर मूल चाचपडते किंवा रंग चुकवते. याचा अर्थ काय?

रातांधळेपणाचे एक कारण ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता हे आहे. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ, राखाडी डागही दिसतात. पालेभाज्या, शेवग्याची पाने, पपई, आंबा, अंडी आणि दूध आहारात असावे. ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिले जातात. शाळकरी मुलाला ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावेत. आहार चांगला असूनही त्रास होत असेल, किंवा आई-वडील नात्यातले असतील, तर पडद्याच्या आनुवंशिक आजारासाठी तपासणी आवश्यक आहे.

लाल-हिरव्या रंगांतील गोंधळ आनुवंशिक असतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ जास्त आढळतो. त्यावर उपचार नाही आणि अभ्यासात मोठी अडचणही येत नाही. नकाशे आणि आलेख वाचताना रंगांबरोबर खुणा वापराव्यात. मात्र रेल्वेचालक, वैमानिक आणि सैन्यातील अनेक पदांसाठी रंगदृष्टीची अट असते. ती अट अठराव्या वर्षी कळण्यापेक्षा आठवी-नववीत कळावी.

केव्हा एक दिवसही थांबू नये?

नजर अचानक कमी होणे, डोळा खूप दुखून लाल होणे, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखे वाटणे, आणि विटी-दांडू, चेंडू, धनुष्यबाण किंवा फटाक्याचा मार लागणे, या सर्व प्रसंगी लगेच रुग्णालय गाठावे. काही घुसले असेल तर ते उपसू नये, डोळा दाबू नये. डोळ्यावर कागदी पेला उलटा ठेवून चिकटपट्टी लावावी आणि निघावे. चुन्याची पुडी किंवा नळी फुटून चुना डोळ्यांत उडाला, तर मात्र प्रथम जागेवरच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पापण्या उघडून किमान १५ ते ३० मिनिटे डोळा धुवावा, चुन्याचे कण पाण्याने काढून टाकावेत आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. चुन्याने बुबुळ कायमचे पांढरे होऊ शकते आणि तेथे पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात. तंबाखूचा चुना घरात असेल तर तो मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

चष्मा आणि उपचार होऊनही मुलाला पुरेसे दिसत नाही. शाळेचे काय?

शाळा सोडवू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार उत्तम डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी असली की अल्पदृष्टीचा विचार होतो. जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची नेमणूक तालुका पातळीवर असते. मुख्याध्यापकांमार्फत गट साधन केंद्राशी संपर्क साधल्यास मोठ्या अक्षरांची पुस्तके आणि इतर साहित्य यांची माहिती मिळते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती आहेत. त्यांचे अर्ज नववीतच तयार ठेवावेत, कारण कागदपत्रांना वेळ लागतो. वर्गात खिडकीचा उजेड मुलाच्या पाठीमागून येईल अशी जागा, जाड रेघांची वही, काळे ठळक पेन आणि फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी मोठ्याने उच्चारणे, एवढ्यानेही मुलाचा दिवस सोपा होतो. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेच्या शाखांतूनही शिक्षण आणि साधने यांबाबत मार्गदर्शन मिळते.